पाय वाढो!

मी एक जुनी खुर्ची आहे. सध्या तीन पायांवर, भिंतीला टेकून उभी. पण मित्रांनो, कीव करू नका. आमच्या नाटक मंडळीत एक म्हण चालते, तिचा जन्म माझ्यामुळे झाला आहे.

सुताराने मला घडवलं ते जेवणाच्या टेबलासाठी. नशिबाने मात्र नाट्यगृहात आणलं. अंगावर लाल मखमल चढली आणि मी सिंहासन झाले. किती राजे आले नि गेले, मी आपली जागच्या जागी! पुढे माझा मागचा पाय हलू लागला. आमचे दिग्दर्शक दादा म्हणायचे, उद्या बघू. तो उद्या काही उजाडला नाही.

एकदा राणीचं काम करणाऱ्या बाई ऐन प्रयोगाला आजारी पडल्या. मंडळीत कपड्यांना इस्त्री करणाऱ्या धाकटीला सगळे संवाद ऐकून ऐकून पाठ होते, म्हणून दादांनी तिलाच उभं केलं. आज फजिती झाली तर जन्मभर इस्त्रीच, हे ती जाणून होती.

दादा तिला म्हणाले, "जा, पाय मोडो तुझा!"

पोर पांढरीफटक पडली. वेशभूषेच्या मावशी कडाडल्या, "शुभ बोल रे नाऱ्या!" दादांनी समजावलं, की इंग्रजी नाटकवाले शुभेच्छा अशाच देतात, का ते नक्की कुणालाच ठाऊक नाही, बहुधा दृष्ट लागू नये म्हणून. मावशींना ते निम्मंच पटलं.

"आपण फुटलेल्या बांगडीलासुद्धा वाढली म्हणतो. मग मोडो कशाला? पाय वाढो म्हण."

धाकटी खुदकन हसली आणि रंगमंचावर गेली.

दुसऱ्या अंकात ती ऐटीत माझ्यावर बसली, आणि माझा पाय कटकन मोडला. मी कलंडले. विंगेत दादांनी कपाळाला हात लावला. धाकटी उठली, मुकुट सावरला आणि शांतपणे म्हणाली,

"प्रधानजी, सिंहासनाचा पाय वाढला. दरबार उभ्यानेच भरेल."

टाळ्या थांबेनात! उरलेलं नाटक तिने उभ्याने गाजवलं. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

आज ती मंडळीची मुख्य नटी आहे. प्रवेशाआधी सगळे एकमेकांना "पाय वाढो" म्हणतात, आणि माझ्या पाठीवर कोट टाकून निघून जातात. मित्रांनो, म्हणी जपता तशा वस्तूही जपा. एक स्क्रू पिळायला कितीसा वेळ लागतो? इथे रोज ज्याला त्याला पाय वाढो म्हणतात. ज्यांना म्हणतात त्यांचे दोन्ही पाय धडधाकट आहेत. ज्या एकटीला खरंच पाय हवा आहे, तिला मात्र अजून कुणी म्हटलेलं नाही.