कानबाईचं पाणी

“तठे पानी ऱ्हास वहिनी. पोरले तठे नका लई जाऊ,” शेजारच्या अनुसयाबाई मला म्हणाल्या होत्या. मी “बरं” म्हटलं आणि वाळत घातलेली दुपटी काढायला लागले.

वैशाख होता. आमच्या दोघींच्या दारासमोर गावकुसाची डाबरी, म्हणजे पावसाचं पाणी साठणारा मोठा सखल तुकडा, तेव्हा भेगाळून पडली होती. त्यावरून बैलगाड्या जात. मी नाशिकची, शहाद्यात येऊन वर्षच झालेलं. इथे पाणी कसलं राहतंय, असं मला वाटलं.

हे हायस्कुलात शिक्षक. शिक्षक आणि कारकून मिळून घरांची सोसायटी निघाली होती, तिला हीच जागा मिळायची होती. चेअरमन मोतीलालभाऊ अनुसयाबाईंचे पुतणे. मोजणी झाली, प्लॉटच्या खुणांचे दगड बसले. आमचा कोपऱ्याचा. स्वयंपाकघर पूर्वेला, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

आषाढ सरता सरता मी बेबीला कडेवर घेऊन प्लॉट बघायला गेले, तर दगडच दिसेनात. माझ्या स्वयंपाकघराच्या जागी टिबुकल्या, ती छोटी पाणपाखरं, बुड्या मारत होत्या. बेबी नुकती चालायला लागली होती आणि जे चमकेल तिकडे धावायची. तिथून परतताना मी तिला इतकं घट्ट धरलं की ती रडली.

मग मी रोज बघायला लागले. पाणी हटत नव्हतं. काठाला बगळे, म्हशी, लव्हाळा. आमच्या गल्लीतली विहीर डाबरीला लागूनच. वैशाखात दोन गल्ल्यांच्या बायका तिच्यावर घागरी घेऊन रांगेत उभ्या असायच्या, ते मला आठवलं. डाबरी बुजवली तर विहिरीत पाणी कुठून यायचं? मुलं पाण्याविना कशी वाढतात, हे मला बघायचं नव्हतं.

मी मोतीलालभाऊंना विचारलं. ते हसले. “वहिनी, शिकेल माणसं पानीले फार भ्यातस. मुरूम टाकू, बंगला उभा. तुम्ही फक्त पडद्याचा रंग ठरवा.”

यांनीही तेच. “तुला पाळण्यातसुद्धा विंचू दिसतो,” म्हणाले. पाळण्यात मी खरंच रोज बघायची.

जागेला बिनशेतीची परवानगी मिळायची होती. पाहणीला साहेब श्रावणातल्या एका सोमवारी येणार ठरलं. दिवस मोतीलालभाऊंनीच मागून घेतला होता. घरोघरी श्रावणातली देवी कानबाई बसलेली, गल्ली पुरणाच्या आणि नैवेद्याच्या रोटांच्या गडबडीत, कुणी आडवं येणार नाही, असा त्यांचा हिशेब. कानबाई सोमवारी कुठे बुडवतात हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. पण नकाशावर त्या जागेला नंबर पडला होता, आणि वर्षभर नंबरच बोलून ते डाबरी विसरले होते.

साहेब काठावर उभे राहिले, बाजूला सोसायटीची माणसं, त्यांत आम्ही दोघंही. मोतीलालभाऊ छत्री धरून सांगत होते, “चार दिवसांचं पाणी आहे साहेब, ओसरेल.” मागून डफ ऐकू आला.

पुढे मोतीलालभाऊंचीच बायको मंगलाबाई, डोक्यावर पाट, पाटावर नटवलेली कानबाई. मागे सगळी भावकी, फुगड्या घालत. मंगलाबाई नवऱ्यासमोर येऊन थांबली. डफही थांबला.

“सरका,” ती म्हणाली. “माय उभी शे.”

मोतीलालभाऊ छत्रीसकट सरकले. मागून अनुसयाबाई पदर खोचत पुढे आल्या. “मोत्या, पुढला सालले कानबाईले बादलीमा बुडाडशी का रे?”

बायका हसल्या. एक म्हणाली, “बादली नही माय, सोसायटीना नळ शे ना.” साहेबही तोंड फिरवून हसले. मंगलाबाई मात्र गंभीर चेहऱ्याने पाण्यात उतरली. घोटे, पोटऱ्या, गुडघे, मग लुगडं तरंगायला लागलं.

“हे दर वर्षी इतकं असतं?” साहेबांनी विचारलं. कुणाला विचारलं कळेना. हे माझ्याकडे बघत होते, गप्प राहा म्हणून. मी बेबीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“त्या उभ्या आहेत ना साहेब,” मी म्हटलं, “तिथे आमचा प्लॉट आहे. दगड त्यांच्या पायाखाली असेल. आम्हाला तो नको.”

घरी येईपर्यंत हे चार पावलं पुढेच चालत होते. जेवताना म्हणाले, “नको होता तर मला आधी सांगायचं.” मी सांगितलं होतं. पण वाढत राहिले.

परवानगी मिळाली नाही. सोसायटीला ब्राह्मणपुरीच्या रस्त्याला माळावरची जागा मिळाली आणि आम्ही तिथेही नाव घातलं. पण डाबरी बुजण्याची भीती गेली नाही. उन्हाळ्यात कुणीतरी कडेला मोडक्या भिंतीचा राडारोडा आणून टाकतं, एकदोन गाड्या, मग थांबतं, मग पुन्हा. पाटी नाही, पाहणी नाही. गाडीचा आवाज आला की अनुसयाबाई बाहेर येतात आणि गाडीवानाला बैल उलटे फिरवायला लावतात. गाडीवान पूर्वी मुकाट वळायचे. हल्ली उलटून बोलतात, त्यांच्या अंगावर माती उडवतात. अनुसयाबाईंना डाव्या डोळ्याने दिसत नाही. घरात दुसरं कुणी नाही.

मी शेजारी होते तोवर दोघी बाहेर यायचो. आता यांची बदली धुळ्याला झाली आहे. मंगलाबाई आहे, पण तिचं घर लांब.

तुम्ही शहाद्याला कधी गेलात तर डाबरीच्या काठचं पहिलं घर अनुसयाबाईंचं. बाहेरून हाक मारा, त्या लगेच ऐकतात. प्यायला पाणी मागा, म्हणजे बसवून घेतील. गाड्या अजून येतात का, आणि त्या एकट्याच बाहेर जातात का, तेवढं विचारा.