मुखपृष्ठावर बेशुद्ध पडलेली राणी

मी बोलतेय, आणि जरा चढ्या आवाजातच बोलतेय, कारण मध्ये जाड प्लास्टिक आहे. मी एक चित्रकथा. तलवारी, चेटूक आणि राक्षस असलेल्या एका जुन्या गाजलेल्या कादंबरीवरून मला बेतलं.

त्या कादंबरीत एक राणी आहे, पांढऱ्या केसांची, गुडघेदुखीनं बेजार. शेवटी चेटक्याला तीच मारते. भाडोत्री तलवारबाज तेव्हा साखळदंडात अडकून पडलेला असतो.

आता आमच्या धंद्यातली उफराटी रीत ऐका. मुखपृष्ठ आधी छापायचं, आतली चित्रं मागाहून काढायची. मुखपृष्ठवाल्यानं कादंबरी उघडूनसुद्धा पाहिली नव्हती. त्यानं आपला नेहमीचा साचा उतरवला. तलवारबाज छाती काढून उभा आणि राणी, तीही विशीतली, त्याच्या पायाशी बेशुद्ध.

आतली चित्रं काढणाऱ्या बाई संपादकांशी कडाकडा भांडल्या. "अहो, ती बेशुद्ध पडतच नाही. तीच तर वाचवते त्याला."

"आत हवं ते काढा, बाई. मुखपृष्ठ छापून झालंय."

बाईंनी मग आत जीव ओतला. शेवटच्या पानावर राणी धापा टाकत साखळदंड तोडते आणि तलवारबाजाला म्हणते, "ऊठ, घरी जायचंय."

मला विकत घेतलं ते एका ताईनं. धाकट्या भावाला ती मोठ्यानं वाचून दाखवायची. शेवटचं पान आलं की उशी तलवारीसारखी उगारायची आणि भावाच्या पाठीत घालायची. काय दिवस होते ते.

पुढे ताई नोकरीसाठी परगावी गेली. भावाला संग्रहाचं खूळ लागलं. त्यानं मला प्लास्टिकमध्ये सीलबंद करून बैठकीच्या भिंतीवर टांगलं, मुखपृष्ठ पुढे करून. मला जपलंय म्हणे. वाचूच न देणं, याला जपणं म्हणतात? येणारा-जाणारा तेवढं खोटं चित्र बघतो आणि "वा" म्हणतो. माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

परवा ताई आली. आता केस पांढरे झालेत. बरोबर नात.

"आजी, या बाईला काय झालंय?" नातीनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"काढ रे जरा खाली," ताई भावाला म्हणाली. "हिला वाचून दाखवते."

"सील तुटलं की किंमत संपलीच गं, ताई. तोंडीच सांग, तुला तर पाठ आहे."

ताई गुडघे चोळत बसली आणि सांगू लागली. गुहा, साप, चेटक्याचा आरसा, सगळं चोख. मी खूश. शेवट आला तशी ती अडखळली. तिनं वर माझ्याकडे पाहिलं.

"मग ना, राणी बेशुद्ध पडली. आणि तलवारबाजानं तिला वाचवलं."

"मला वाटलंच," म्हणून नात खेळायला गेली.

अगं ताई, उशी उगारणारी तूच ना? तुझ्याही डोक्यात शेवटी त्या साच्यानंच घर करावं?

पोरी, तू तरी परत ये. मामाआजोबांना काय ओरडायचं ते ओरडू दे. कात्री घे, हे प्लास्टिक काप आणि शेवटचं पान आजीसमोर धर. तिथे एक पांढऱ्या केसांची बाई आहे. तिचे गुडघे दुखताहेत, तरी ती उभी आहे.