मेथीचा वास

“बाळाच्या लघवीला काही वेगळा वास येतो का?” डॉक्टर शुभांगींनी विचारलं, आणि कुसाबाईनं चटकन मान खाली घातली.

प्रश्न तिला नव्हता. तिच्या सुनेला, उज्वलाला होता. ओली बाळंतीण ती, कानाला रुमाल बांधून नाशिकच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात बाकावर टेकून बसली होती. काचेपलीकडे तिची पाच दिवसांची लेक अंगाची कमान करून पडली होती. आधी चांगली प्यायली, मग ओढायची थांबली, मग रडायचीही थांबली. उज्वलाचा नवरा शेखर, म्हणजे कुसाबाईचा एकुलता एक मुलगा, काचेला कपाळ लावून उभा होता. त्या दोघांचा आधीचा मुलगाही असाच गेला होता, पाळण्यात घालायच्या आत. ओम हे नाव घरच्यांनी नुसतं तोंडानं ठेवलेलं.

“येतो ना,” उज्वला म्हणाली. “पण तो मेथीचा. मी लाडू खाते त्याचा. या आत्यानंच सांगितलं.”

आता मेथीच्या वासाचं कुसाबाईच्या घरी कुणाला काय कौतुक असणार? मखमलाबादच्या अंगाला त्यांचा मळा. बारा महिने तिथं मेथी नाहीतर कोथिंबीर. सकाळी उपटायची, दुपारी ओसरीवर बसून जुड्या बांधायच्या आणि संध्याकाळच्या लिलावाला शेखरनं पिकअपमधून मार्केटात न्यायच्या. घरातल्या गोधड्यांना, टॉवेलांना, फार काय, देवाच्या पितळी घंटेलासुद्धा मेथीचा वास यायचा. पाहुणे आल्याआल्या नाक वर करायचे आणि घरच्यांना कळायचंच नाही की यांना काय झालं.

त्यातून कुसाबाई बाळंतपणं काढण्यात एक नंबर. भावकीतल्या निम्म्या बायका तिच्या हातचा शेक आणि तिच्या हातचे लाडू घेऊन उठलेल्या. मेथ्यांचं पीठ तुपात मुरवायचं, कडूपणा मोडला की गूळ, खारीक, डिंक. घेताना बाळंतीण तोंड वाकडं करायची आणि कुसाबाई समोर बसून शेवटचा घास पोटात जाईपर्यंत हलायची नाही. लंगोटाला मेथीचा वास आला की समजायचं, खुराक दुधात उतरला. हे तिचं ठरलेलं गणित. ओमच्या वेळी तिनं त्याचं दुपटं शेजारच्या आशाच्या नाकाशी धरून दाखवलं होतं. बघ म्हणाली, कसा लागलाय खुराक पोराला.

उज्वला काही परकी सून नव्हती. कुसाबाईचा सख्खा भाऊ गोटीराम, दिंडोरीचा, त्याची ही मुलगी. तिची आई कलाबाई ती शाळेत असतानाच वारली, म्हणून दोन्ही बाळंतपणं माहेरी न होता आत्याच्याच घरी झाली. घरातली पोर घरात आली, याचं कुसाबाईला कोण कौतुक होतं. लग्नात ती वरमाय आणि नवरीची आई दोन्ही असल्यासारखी मिरवली होती.

डॉक्टर शुभांगी स्टूल ओढून उज्वलासमोर बसल्या. वयानं तिच्याएवढ्याच असतील. घाईत होत्या, पण घाई आवाजात येऊ देत नव्हत्या. त्या म्हणाल्या, हा वास दोन कारणांनी येतो. आईनं मेथ्या खाल्ल्या तर येतो, त्यात काळजीचं काही नाही. पण एक आजार असा आहे, की त्यात बाळाला दूध पचतं, पण दुधातली काही द्रव्यं पुढं मोडत नाहीत. ती मोडणारं यंत्रच जन्मतः बंद असतं. मग ती रक्तात साठतात आणि मेंदूला चढतात. आणि गंमत म्हणजे त्या आजारात लघवीतून जो वास येतो तो मेथीच्या वासाचा जुळा भाऊ. नाकाला फरक कळत नाही. मशीनला कळतो. बाळाच्या टाचेतला रक्ताचा थेंब कागदावर घेतला की अन्नाचं शरीरात पुढं काय काय झालं, कुठं गाडी अडली, सगळं त्यात दिसतं. पण तो कागद मुंबईला गेलाय. उत्तर यायला वेळ लागेल.

“तेवढा वेळ हिच्याकडं नाही,” त्या म्हणाल्या. “आजार तोच असेल तर आत्ताच्या आत्ता मशीन लावून रक्त धुवावं लागेल. एवढ्या लहान जिवाला ते झेपेलच असं नाही. आजार नसताना ते केलं तर उगाच जीव धोक्यात घातल्यासारखं होईल. म्हणून विचारते. पहिल्या बाळाला हा वास होता?”

उज्वलानं आठवून बघितलं. मग ठामपणे मान हलवली. “नसणार. ओमच्या वेळी मला लाडू जातच नव्हते. घास तोंडात घातला की उलटी. तेव्हा मळ्यात काढणीची घाई, आत्याला समोर बसायला वेळ नसायचा. तिची पाठ वळली की मी ताटलीतला लाडू डब्यात परत टाकायची. मग वास कुठून येणार?”

“तुम्ही स्वतः घेतला होता वास?”

“मी खाटेवर. लंगोट, दुपटी सगळं आत्याच बघायची.”

तिघांचे डोळे कुसाबाईकडं वळले.

ओम गेल्यानंतर कुसाबाईनं तो लाडवांचा डबा उघडला होता. घरात पोर गेलेलं, लाडू आता कोण खाणार, मजुरांना वाटून टाकू म्हणून. झाकण काढलं तर डबा गळ्यापर्यंत भरलेला. ती तिथंच चुलीपुढं बसून राहिली होती. सुनेनं लाडू खाल्लेच नाहीत, तर मग दुपट्याला तो वास कसला होता? त्या वेळच्या छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही हेच विचारलं होतं, आणि हिनंच हसून सांगितलं होतं, लाडवाचा हो साहेब. त्यांनी मान डोलावली आणि पुढं रक्तात जंतू झाल्याचं सांगितलं. विचारावं कुणाला? विचारून पोर थोडंच परत येणार होतं? तिनं झाकण लावलं, लाडू गाईला घातले आणि तो प्रश्न मनातल्या मनात पुरून टाकला. ही पोर झाली तेव्हा मात्र उज्वलासमोर बसून एकेक लाडू खाऊ घातला. का, तर दुपट्याला वास आलाच तर त्याला कारण असावं. इतकी भीती तिला त्या वासाची वाटत होती.

आता नाही म्हटलं तर कुणाला कळणार नव्हतं. ओमची दुपटी केव्हाच गोदावरीत सोडली होती. आणि हो म्हटलं, तर पोटच्या लेकीसारखी वाढवलेली ही भाची तिचं तोंड पुन्हा बघणार नव्हती. कुसाबाईनं काचेतून आत बघितलं. पोरीचे पाय सायकल चालवल्यासारखे आपोआप हलत होते. ओमचेही असेच हलायचे आणि तिला वाटायचं, पोर खेळतंय.

“येत व्हता,” ती म्हणाली.

“काय?” शेखर काचेपासून पुढं आला.

“वास येत व्हता. ओमला. असाच, लय उग्र. हिनं लाडू खाल्ले नव्हते ते मला मागून कळलं. डबा भरलेला गावला.”

डॉक्टर शुभांगी ताडकन उठल्या. जाता जाता त्यांनी एवढंच विचारलं, की नवराबायको नात्यातले आहेत का. शेखर म्हणाला, मामाची मुलगी. त्यांनी मान हलवली आणि दारामागं दिसेनाशा झाल्या. आत पळापळ सुरू झाली. एका नर्सनं येऊन शेखरच्या सह्या घेतल्या आणि उज्वलाला सांगितलं, आता बाळाला अंगावरचं दूध बिलकूल नाही.

शेखर आईवर ओरडला नाही. ओरडला असता तर कुसाबाईला बरं वाटलं असतं. तो बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

“कधी आला व्हता वास?” उज्वलानं विचारलं. “ओमला?”

“तिसऱ्या दिशी.”

“मंग दिवस व्हते अजून,” उज्वला म्हणाली. त्यानंतर उज्वलानं तिला आत्या म्हणून हाक मारली नाही. कामापुरतं बोलायची, अहो म्हणायची.

मुंबईचं उत्तर आलं तेव्हा गोटीरामही दिंडोरीहून आला होता. आजार तोच निघाला. डॉक्टर शुभांगींनी सगळ्यांना बसवून सांगितलं. ही खोट कुसाबाई आणि गोटीराम दोघांच्याही रक्तात त्यांच्या आईकडून किंवा बापाकडून आली असणार. एकेकटी असली तर ती झोपून राहते, माणूस शंभर वर्षं जगतो आणि त्याला पत्ता लागत नाही. कुसाबाईची शेखरमध्ये उतरली, गोटीरामची उज्वलात, आणि लेकरांमध्ये दोन्ही एकत्र आल्या. डॉक्टर अशा घरांचा अभ्यास करत होत्या. कुणाच्या रक्तात काय आहे, ताटात काय आहे आणि दोन्ही मिळून माणसाचं काय होतं याचा. सगळ्यांच्या रक्ताचे थेंब घेऊ म्हणाल्या. पोरगी जगली तर तिला दूध, डाळ, शेंगदाणे सगळं मोजून, जन्मभर. डोक्याला किती इजा झाली ते आत्ता सांगता येणार नाही. दोन दिवस लवकर आला असतात तर, असं त्या बोलू लागल्या आणि मध्येच थांबल्या.

गोटीराम बहिणीकडं न बघता म्हणाला, “आपल्या आईची बी दोन गेली व्हती, कुसे. दात यायच्या आत.” आईचा आवाजही आता न आठवणाऱ्या त्या दोघांनी मग एकाच वेळी डोळे पुसले.

पोरगी मशीनवर होती. मरत नव्हती आणि परतही येत नव्हती. इकडं उज्वलाला पान्हा फुटत होता. आत लेकराला ते दूध विष होतं आणि इथं छाती दगडासारखी भरून दुखत होती. ती पडद्याआड बसून वाटीत दूध पिळायची. ते मोरीत कसं ओतणार? आईचं दूध पायदळी येऊ नये, झाडाच्या मुळाशी घालावं, एवढं दोघींनाही माहीत होतं. उज्वला वाटी पुढं करायची आणि कुसाबाई ती झाकून, जिने उतरून हॉस्पिटलच्या आवारात जायची. सगळीकडं फरशी आणि गाड्या. कुंपणाला लागून कडुनिंबाचं एक झाड मात्र ठेवलं होतं.

ती खाली बसून हळूहळू ओतत होती तेव्हा वॉचमन जवळ आला. इथं काही सांडू नका असं सांगायला आला असावा. पण त्याला वाटीतलं दूध दिसलं. तोही खेड्यातलाच, पेठकडचा. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“बाळ गेलं का, आजी?”

“एक गेलं,” कुसाबाई म्हणाली. “एक हाय वर.”

माती दूध लगेच पिऊन टाकत नव्हती. ते जिरेपर्यंत ती तिथंच बसून राहिली, मग रिकामी वाटी घेऊन जिना चढू लागली.