अर्ध्या पट्टीचा नंबर

त्या पत्राला आमच्या काकांनी सात महिने उत्तर दिले नाही. पंख्याच्या वाऱ्याने ते उडू नये म्हणून त्यावर वजन ठेवले होते ते माझेच. त्यामुळे त्यातला शब्द न् शब्द मला पाठ झाला. तो इतरांना सांगावा की नाही, याची मला अजून खात्री नाही. मित्रांनो, चुकले तर सांभाळून घ्या.

मी एक जुनी कात्री आहे, औषधांच्या दुकानातली. एका कारागिराने दोन पाती घासली आणि एका खिळ्यावर जुळवली. काकांनी दुकान उघडले त्या दिवसापासून मी त्यांच्या काउंटरवर आहे. गिऱ्हाईक म्हणे, "काका, सातच द्या," की चौदा गोळ्यांची पट्टी मी मधोमध कापायची. पट्टीच्या एका टोकाला कंपनीचे नाव आणि बॅच नंबर असतो. गोळी कोणी बनवली आणि कोणत्या खेपेत बनवली, हे त्यावरून कळते. ते टोक दुकानात ठेवायचे आणि दुसरे गिऱ्हाइकाला द्यायचे, ही काकांची शिस्त. "काय सरळ कापते हो तुमची कात्री!" असे लोक म्हणत, आणि मी फुगून जाई.

काका फार लाजाळू. दिवसभरात त्यांच्यापेक्षा मीच जास्त कचकच करते, असे काकू म्हणतात. वाचन मात्र अफाट. औषधाच्या खोक्यात सूचनांचा घडीचा कागद येतो, तोसुद्धा ते कादंबरीसारखा वाचत आणि मग पुस्तकात खूण म्हणून घालत. खोक्यात कागद एक आणि गिऱ्हाइके दहा, तो द्यायचा तरी कोणाला?

एक मुलगी लहानपणापासून फिट्सची गोळी न्यायला येई. काकू तिला 'वेणीवाली' म्हणत. ती मोठी झाली, तिचे लग्न झाले, तरी दर आठवड्याच्या सात गोळ्या चुकल्या नाहीत. एका सकाळी ती आली तेव्हा तिचे पोट दिसू लागले होते. त्या गोळीचा कागद काकांनी तिच्या लग्नाच्या सुमारासच वाचला होता. गरोदरपणात ही गोळी बाळाला अपाय करू शकते, मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला, असे त्यात लिहिले होते. काकांनी माझी पाती उघडली आणि ते थांबले. परक्या बाईला असे कसे विचारावे?

"काय झालं, काका?"

"काही नाही. पाणी भरपूर पीत जा."

आणि मी कापले. नेहमीसारखे, सरळ.

मग ते पत्र आले.

"आदरणीय काका, माझ्या मुलीच्या पाठीच्या कण्यात जन्मतःच फट आहे. दोन ऑपरेशनं झाली, पण ती पाय उचलत नाही. गोळीमुळेच झालं असं कोणी छातीठोकपणे सांगत नाही. वकीलबाई म्हणतात, भरपाई मागता येते. कंपनीकडे, डॉक्टरांकडे, नाहीतर दुकानदाराकडे. पण आधी गोळी कोणाची ते दाखवावं लागेल. ही गोळी चार कंपन्या बनवतात. घरात एकच रिकामी अर्धी पट्टी सापडली, तिच्यावर नंबर नाही. तुमच्या विक्रीच्या वहीत नोंद असेल का? आणि गोळीबरोबर सूचनांचा कागद होता का? दावा लावायला आमच्याकडे आठ महिने उरले आहेत."

वहीत नोंद होती. काका रोज वही उघडत आणि मिटत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तयार होते, दुसऱ्याचे लिहायला ते धजत नव्हते.

"अहो, ढीगभर पुस्तकं वाचता, मग चार ओळी लिहायला काय हात झडलेत?" काकू म्हणाल्या.

"लिहिलं तर त्या वकीलबाई मलाच कोर्टात उभं करतील."

"करू देत की! ती पोर उभीच राहत नाहीये, तिचं काय?"

काकांनी मला पत्रावर जरा सरळ ठेवले. एवढेच केले.

सातवा महिना संपता संपता त्याच गोळीच्या कंपनीचा विक्रेता आला. काकू त्याला 'टायवाले' म्हणतात. त्याने मला उचलले आणि बोटांत फिरवले.

"हिनंच वाचवलं बघा आम्हाला! त्या बाईंची नोटीस आलीय चारही कंपन्यांना. पण पट्टी अर्धीच. काय सरळ कापलीय, नंबरचा मागमूस नाही! काका, अजून चार आठवडे मूग गिळून बसा. मुदत संपली की तुम्हीही सुटलात आणि आम्हीही."

मित्रांनो, आयुष्यभर मी कौतुकासाठी जगले. त्या दिवशी मात्र आपल्याला गंज का चढला नाही, असे वाटले.

काकांनी मला त्याच्या हातातून काढून घेतले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले. "तुमची ऑर्डर आज नको," ते म्हणाले.

मग ते लिहायला बसले. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिले ते काकूंनी मोठ्याने वाचले.

"गोळी कोणत्या कंपनीची, ते नावानिशी खाली लिहिले आहे. वहीतल्या नोंदींची नक्कल सही-शिक्क्यासह जोडली आहे. सूचनांचा कागद होता. मी तो वाचला होता. तुला दिला नाही आणि तोंडानेही सांगितले नाही. हे सांगायला मी न्यायालयात येईन."

"लेकीला आशीर्वाद लिहा की," काकू हळूच म्हणाल्या.

"कुठल्या तोंडानं?"

मित्रांनो, मी शहाणपण शिकवावे अशी माझी योग्यता नाही. पण अर्धी पट्टी घ्याल तेव्हा तिचा नंबर लिहून घ्या आणि सूचनांचा कागद मागा. घरात बाळ यायचे असेल, तर चालू असलेल्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. मनानेच मात्र ती बंद करू नका. आणि एखादी गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, तर लाजून गप्प राहू नका. मला जीभ नाही, तुम्हाला आहे.

काका टपालकचेरीत गेले तेव्हा मी खिशातच होते. रांगेत ते दोनदा मागे वळले आणि दोनदा परत उभे राहिले. मुदतीला तेवीस दिवस उरले होते. खिडकीतल्या बाईंनी विचारले, "रजिस्टर करायचं ना, आजोबा?"

"हो," काका म्हणाले. इतक्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते.

पाकिटावर शिक्का आपटला.