लामात किती हिस्से

तार आली त्या दिवशी सकाळीच मला लामा या जनावराची सगळी हकीकत कळली होती. साल १९५४. आमची आगबोट पेरू देशातल्या एका बंदरात लोकर भरत होती. दुपारी सारंगाने, म्हणजे आमच्या खलाशांच्या मुकादमाने, कागद हातात दिला. इंग्रजीत तीनच शब्द होते. मैमुना वारली. नासिर. मैमुना माझी बायको, नासिर तिचा भाऊ.

"आज कामावर नको येऊ, रशीद," सारंग म्हणाला.

मी गेलो. इंजिनाला तेल घालायचं काम माझं होतं.

आदल्या रजेत राजिवड्याला घरी होतो, तेव्हा मैमुनाला या जनावराबद्दल सांगितलं होतं. ती बांगडे साफ करत होती.

"कुबड नाय आणि उंट?" ती म्हणाली. "लांब मानेची बकरी आसंल ती."

"बकरी थुकते काय गो? हा थुकतो."

"थुकतो तर आमचा नासिर पण. मग तो पण उंट?"

मी हसलो. ती हसली नाही. तिच्या डोक्यात दुसरंच होतं.

"कुर्बानीला चालंल काय हो तो?"

"मला काय ठाऊक?"

"मग इचारून या. उंटाच्या भावकीतला आसंल तर सात हिस्से. बकरीतला आसंल तर एकच. तिकडची मानसं सांगतील कोनाच्या घरातला. मग मौलवीसायबांना आपुन इचारू."

उंटाच्या कुर्बानीत सात जण वाटेकरी होतात, बकरा एकाच्याच नावाने होतो, एवढं आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. पण लामाचं कोणी विचारलं नव्हतं. निघताना धक्क्यावरही तिने आठवण केली, "इसरू नका."

विसरलो नाही. त्या सकाळी लोकरीच्या वखारीतल्या म्हाताऱ्या इंग्रज कारकुनाला विचारलं. बाहेर चार लामा पाय दुमडून बसले होते, अगदी उंटासारखे.

तो म्हणाला, "घराणं एकच. मूळ उत्तर अमेरिकेतलं. लाखो वर्षांपूर्वी काही वर सरकले. तिथून तेव्हा आशियात जायला कोरडी जमीन होती. ते तुमचे उंट. काही खाली इकडे डोंगरात आले. ते हे."

"आणि मूळ गावात कोण राहिलं?"

"कोणी नाही. नुसती हाडं सापडतात."

त्याने मूठभर लोकर दिली. ती मी रुमालात बांधली. मैमुनाला काय सांगायचं ते मनात जुळवतच बोटीवर परत आलो.

घरी पोचायला पाच महिने लागले. कबरीवर दोन चिरे उभे केले होते. नासिरने लोकर हुंगून पाहिली.

"बकरीचीच हाय," तो म्हणाला.

मी ती परत रुमालात बांधली.

संध्याकाळी मौलवीसाहेब भेटायला आले. बराच वेळ बसले. उठताना म्हणाले, "रशीद, मनात काय आसंल तर इचार."

"नाय. काय नाय," मी म्हणालो.

त्याला चार वर्षं झाली. मौलवीसाहेब रोज आमच्या दारावरून नमाजाला जातात. लामात किती हिस्से, ते त्यांना विचारायचं राहिलं आहे.