अकरा रुपयांवरची पावलं

"हे पावलं नोहेत, हरिभाऊ," मोतीलाल सराफांनी डोळ्याचं भिंग काढलं. "झाळ हाये ही. कडी जोडल्याची निशानी."

कारंज्याच्या त्या अरुंद दुकानात हरिभाऊ हसले. तळेगावच्या शाळेत तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, असा कोणाचं ऐकणार थोडाच! "काई बी काय सांगता, शेठ! आमच्या बाबानं सांगतलं, लक्ष्मीची पावलं उमटली म्हून."

चांदीचे अकरा रुपये. प्रत्येकाच्या काठाशी दोन इवले उंचवटे, जोडीनं टेकलेले. दर दिवाळीला हरिभाऊ काडीच्या टोकानं त्यांना कुंकू लावत, वडील लावत तसंच. अशी लक्ष्मी आणखी कोणाच्या नाण्यावर उमटलीय का, एवढंच विचारायला ते आले होते.

"तुमच्या लक्ष्मीले अकराही रुपयावर एकच जागा कशी काय सापडली जी?" मोतीलाल म्हणाले. "बाईमानसाची माळ होती. कड्या तोडून कानशीनं घासल्या कोनं तरी. अन् घासल्या बी बेकार. सोनाराचा हात नाई हा. घरचाच कोनी असन."

हरिभाऊंचं हसू ओठांवरच वाळलं.

आईच्या गळ्यात चांदीच्या एकवीस रुपयांची माळ होती. ते नऊ वर्षांचे असताना ती नाहीशी झाली. आळ आला धुणीभांडी करणाऱ्या आनंदाबाईवर. ओसरीवर माणसं जमली. वडिलांनी विचारलं, "सांग हरी, आनंदाले खोलीतून निघतानी पाह्यलं ना तू?" हरीनं काहीच पाहिलं नव्हतं. पाहिले ते वडिलांचे डोळे, आणि मान हलवली. तेवढ्या मानेवर आनंदाबाई गावातून उठली. पुढच्या दिवाळीला वडिलांनी पाटावर हे अकरा रुपये मांडले, आज्याचे म्हणून. आरतीला आई चुलीपुढून उठली नाही. त्यानंतर कुठल्याच दिवाळीला उठली नाही.

आनंदाबाई केळझरला भावाकडे राहते, हे हरिभाऊंना कितीतरी वर्षांपासून ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी ते गेले.

"आत्याबाईले ऐकू येत नाई, जोरानं बोला," भाच्याची बायको ज्योत्स्ना म्हणाली. नव्वदीला टेकलेली म्हातारी अंगणात तूर निवडत बसली होती.

"आनंदामाय, मी हरी! तळेगावचा! माळेचं सांगाले आलो!"

म्हातारीला त्यातलं एवढंच ऐकू गेलं, तळेगाव आणि माळ. भिंतीला धरत ती उठली. पदराची गाठ सोडली, सुपारीचं खांड खाली पडलं. पदर झटकला. मग पांढऱ्या केसांचा अंबाडा सोडला, तोही झटकला.

"पाहून घे बाप्पा. मी नाई घेतली."

"आत्याबाई, कोनी काई म्हनत नाई तुमाले!" ज्योत्स्ना धावली.

"माय, बाबानंच घेतलती! मी खोटं बोललो!" हरिभाऊ ओरडत होते. शेजारचे दारात येऊन उभे राहिले.

म्हातारीनं त्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली, त्यांनीही पाहून घ्यावं म्हणून.