प्रयागबाईची गाठ

कोर्टातली मुद्देमालाची खोली माझ्या ताब्यात होती आणि त्या खोलीचा मला फार अभिमान होता. कोयते, काठ्या, फाटके सदरे, प्रत्येकाला चिठ्ठी आणि लाखेचा ठसा. लोंबणारा एक दोराही मला खपत नसे. चोपन्न सालच्या उन्हाळ्यात तिथं लासुर्ण्याच्या सारजाचं हिरव्या काठाचं लुगडं आलं. उसाला पाणी द्यायला आलेल्या या पोरीवर सोपानराव नावाच्या बागायतदारानं जबरी केली, असा खटला होता. लुगडं त्याच्या खोपीत सापडलं होतं; पोर बापाच्या घोंगडीत घरी गेली होती.

आरोपी जामिनावर होता. तो आला की शिपाई बाक पुसून देई. सारजा बापाबरोबर, म्हस्कूबरोबर, कालव्याच्या कडेनं चालत येई आणि आवारातल्या लिंबाखाली उभी राही. दर तारखेला माझ्या खिडकीशी येऊन तिचा एकच प्रश्न असे.

"भाऊसाहेब, लुगडं नीट हाय न्हवं? आयचं हाय त्ये."

तिची आई, प्रयागबाई, त्याच माघात वारली होती. मी "आहे, आहे" म्हणून टाक उचलत असे. खरं सांगतो, मला तिचा वैताग येई.

साक्षीच्या दिवशी आरोपीच्या वकिलानं तिला दोन तास उभं केलं. ओरडली का नाहीस, आधी शेतावर हसून बोलत होतीस की नाही, घरी जायला उशीर का लावलास. मग त्यानं सांगितलं, की लुगडं आरोपीच्या बायकोचं आहे, म्हणूनच खोपीत होतं. ही पोर तिथं कधी गेलीच नाही. आरोपी नुसता बसून होता.

न्यायाधीशसाहेबांनी विचारलं, "लुगडं तुझंच कशावरून?"

सारजाचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "पदराच्या टोकाला आयची गाठ हाय. दोन येढं आन वर उलटा पीळ. कायतरी इसरू नये म्हनून तिनं मारली आन दुसऱ्या दिशी गेली. म्या कदी सोडली न्हाय."

मी ठसा फोडून लुगडं उलगडलं. पदराच्या टोकाला काही नव्हतं. ती गाठ मीच सोडली होती. ठसा मारण्याआधी, आत काही ऐवज असला तर नोंद करावी म्हणून, दाभणानं, बऱ्याच खटपटीनं. आत काहीच निघालं नाही, म्हणून नोंदही केली नव्हती. नोकरीला अठरा वर्षं झाली होती. मी गप्प बसलो. सारजा त्या टोकावरून बोट फिरवत राहिली.

आरोपी सुटला. लुगडं त्याला द्यायचा हुकूम झाला आणि मीच ते घडी घालून दिलं. त्यानं ते काखोटीला मारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटीवरच्या माझ्या उपरण्याच्या टोकाला गाठ होती. दोन वेढे, वर उलटा पीळ. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "मी कशाला मारू?" मी ती दाभणानं सोडली. तिसऱ्या दिवशी दोन होत्या. त्याही सोडल्या. मग मी सोडणं सोडून दिलं, तरी अधूनमधून नवी गाठ पडतच राहिली.

दिवाळीनंतर सारजा खिडकीशी आली.

"आता कशाला आलीस? खटला संपला."

"ठावं हाय. पाय येत्यात."

तिची नजर उपरण्यावर गेली. गजांतून हात घालून तिनं टोक धरलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. "आयचीच हाय," ती म्हणाली. तिला जराही नवल वाटलेलं दिसलं नाही.

मग मात्र मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं आणि उपरणं काढून तिच्यापुढं धरलं. तिनं त्याला हात लावला नाही. 

"तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. आय काय इसरू नये म्हनत व्हती, त्ये तिनं मला सांगितलंच न्हाय. तुमाला कळलं की सांगा. म्या यीन."

तेव्हापासून ती दर महिन्याला येते. लिंबाखाली उभी राहून खिडकीकडे बघते, आणि अजून नाही, म्हणून मी मान हलवतो. तिला सांगण्याजोगं काहीतरी मला कळावं, असं आताशा मलाच फार वाटतं.

आज सकाळी खुंटीवरचं उपरणं काढलं, तर त्याच्या नुसत्या गाठीच झाल्या होत्या; ते एका मुठीत मावलं. खांद्यावर घ्यायला कापडच उरलं नव्हतं. ते तसंच घेऊन मी कोर्टात आलो आहे. सारजा लिंबाखाली उभी आहे.